पहिल्या चारीच्या वर काय?

कॉम्प्युटर चौथ्यांदा हँग झाला, तेव्हा कालव्याचे साहेब खुर्चीवरून उठले. "मॅडम, उद्या सकाळी पाणी सुटतंय. यादी कुठंय?"

नव्वदीच्या शेवटची गोष्ट. हिंगोलीत माझं छोटं कॉम्प्युटर सेंटर होतं. कुणाला पाणी कधी, ती पाणीपाळीची यादी करणारा प्रोग्राम मी कालव्याच्या ऑफिसला मोठ्या तोऱ्यात लिहून दिला होता. पाणी आधी टेलला, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या शेवटच्या चारीला, मग एकेक करत वर, असा रिवाज. यादी लागली नाही तर वरचे लोक आधी दारं उघडणार. टेलच्या चारीवर तांड्यातल्या हरीभाऊंचा हरभरा सुकत होता. ते सकाळपासून ऑफिसात बसून होते.

मी रॅम बदलली, फ्लॉपी बदलली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेवटी कोड तपासणारं टूल आठवलं. ते प्रोग्राम चालवत नाही, नुसता वाचतं आणि शंका आली की वॉर्निंग देतं. आधी त्यानं चारशेवर वॉर्निंग दिल्या होत्या, म्हणून वैतागून मी त्या बंदच केल्या होत्या. आता चालू केल्या आणि पहिली ओळ नीट वाचली: हेडर फाइल सापडत नाही. ही फाइल म्हणजे प्रोग्राममधल्या शब्दांची ओळखपाळख. तिचा फोल्डर टूलला सांगितला. चारशेच्या तीन झाल्या!

दोन किरकोळ. तिसरी म्हणत होती, "ही अट कायम खरी आहे." अट अशी: चारीचा नंबर शून्य किंवा जास्त असेपर्यंत उलटं मोजत जा. कॉम्प्युटर पहिल्या चारीला शून्य म्हणतो. चूक काय, मला दिसेना. मी अट मराठीत मोठ्यानं वाचली.

"पयल्या चारीच्या वर तर धरणच हाय, बाई," हरीभाऊ म्हणाले. "तुमचं मशीन तिथं काहून थांबून न्हाई राहिलं?"

मी चारीच्या नंबरची ओळ पुन्हा पाहिली. चारीचा नंबर ऋण कसा असेल, म्हणून मी ऋण आकडा न घेणारा प्रकार वापरला होता. त्यात शून्यातून एक वजा केला की, स्कूटरचा मीटर उलटा फिरावा तसा, सगळ्यात मोठा आकडा येतो. मोजणी थांबणार कशी? टेलकडून मोजायचं नसतं, तर ही चूक झालीच नसती.

टूलनं कालवा पाहिला नव्हता, हरीभाऊंनी कोड. दोघांनी बोट मात्र एकाच जागी ठेवलं.

एक शब्द बदलला, ऋण आकडाही चालेल असा प्रकार घेतला. संध्याकाळच्या आत यादी फळ्यावर लागली.

"व्हय, बराबर हाय," म्हणत हरीभाऊ बस गाठायला निघाले. दुसऱ्या दिवशी पाणी आधी त्यांच्या हरभऱ्याला पोचलं.

तेव्हापासून मी वॉर्निंग बंद करत नाही. वाचायचा कंटाळा येतो, तरी वाचते.