पाडव्याला बसवलेल्या मेंढ्या

आमच्या बाबांचं गणित पक्कं, पण ते फळ्यावर. धारच्या शाळेत त्यांनी उभा जन्म पोरांना गणित शिकवलं आणि चार बिघ्यांच्या शेतापुढे मात्र दरवर्षी हात टेकले. शेत धामनोदच्या रस्त्याला, स्कूटरवरून अर्ध्या तासावर. जमीन काळी, पण वर्षानुवर्षं नुसत्या युरियावर राहून पार थकलेली. आईला ते विकून घरावर एक खोली चढवायची होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होते आणि खोली माझ्यासाठीच होती, म्हणून या विषयावर मी लबाडासारखी गप्प बसायची. शेवटी आईनं निकाल दिला. येत्या पावसाळ्यातलं सोयाबीन बघायचं. धड आलं तर शेत राहील, नाही तर गिऱ्हाईक तयारच आहे.

बाबांचा जीव त्या शेतात अडकलेला. ते लगेच कामाला लागले. शेत बटाईनं करणाऱ्याला आम्ही सगळे भिया म्हणायचो. तो माळवी माणूस, माती खाऊन चव सांगेल असा. त्यानं सुचवलं, सर, रेवड बसवा. रेवड म्हणजे मेंढ्यांचा कळप. गहू निघाला की मारवाडकडचे मेंढपाळ आमच्या मुलखातून जातात. मेंढ्या मोकळ्या शेतात धसकटं नि तण खातात, रात्री तिथंच बसतात, आणि त्यांच्या लेंड्या-मुतानं जमिनीत जीव येतो. बदल्यात मेंढपाळाला गहू द्यायचा. आमच्याकडे ही रीत फार जुनी आहे, मास्तरलोकांनाच काय ती माहीत नसते.

बाबांनी गाठलेला मेंढपाळ बोलायला भारी कंजूस होता. पहिले दोन दिवस त्यानं वरच्या अंगाच्या दोन बिघ्यांत मेंढ्या बसवल्या. जमीन खणखणीत कोरडी. बाबा शाळा सुटली की थेट तिकडे. घरी आले की कपड्यांना असा वास यायचा की आई त्यांना आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. पण स्वारी इतकी खुशीत असायची की मलाच मग खोलीचा विचार करायची लाज वाटे.

तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. मेंढपाळानं कळप उचलून रस्त्याकडेच्या मुरमाड टेकाडावर नेला आणि भियाकडे निरोप ठेवला की जमीन सुकून वाफसा येईपर्यंत चार दिवस थांबा, खालचे दोन बिघे मग बघू. दुसऱ्या दिवशी होता गुढीपाडवा.

आता आमचे बाबा असे, की आरतीला उभे राहिले तरी डोळा घड्याळावर. पण पाडवा म्हटला की त्यांचं गणित बंद पडायचं. स्कूटर पाडव्याला घेतली, घरातला कुकरसुद्धा पाडव्याला आला. गुढी उभारली, आईच्या श्रीखंडाचा डबा माझ्या हातात दिला आणि आम्ही निघालो टेकाडावर. मेंढपाळानं डबा घेतला, आणि बाबांचं म्हणणं ऐकून मान हलवली.

"बाऊजी, गीली जमीन पे रेवड़ नहीं बैठाते. ईंट बन जाएगी."

बाबांनी त्याला साडेतीन मुहूर्त समजावून सांगितले. हिंदीतून! आज सुरू केलेलं काम बिघडतच नाही, असं छातीठोक सांगितलं. त्यानं एकदा हातातल्या डब्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. सणाच्या दिवशी घरचं गोड घेऊन आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बिचाऱ्यानं मुकाट्यानं मेंढ्या उठवल्या.

त्या शेकडो खुरांनी ओली काळी माती अशी काही मळली की ऊन पडल्यावर तिच्यावर नांगर नुसता खरवडत गेला. पावसाळ्यात वरच्या दोन बिघ्यांत सोयाबीन हिरवंगार उठलं. खालच्यात पाणी मुरेचना. डबकी साचली आणि रोपं पिवळी पडली. बाबांनी आईला शेताकडे फिरकू दिलं नाही. कधी चिखलाचं कारण, कधी सापाचं, कधी स्कूटरचा ब्रेक. मी त्यात सामील होते. खोली मिळायची लक्षणं दिसत होती, आणि मला ती नकोशी झाली होती.

गौरी-गणपती झाल्यावर गिऱ्हाइकाचा निरोप आला. आई म्हणाली, देण्याआधी मी एकदा बघणार. मग कुठलंच कारण चाललं नाही.

ती बांधावरून शेवटपर्यंत चालत गेली. वरचं पाहिलं, खालचं पाहिलं. बाबा मागून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे.

"मेंढ्यांची काही चूक नाही," ते म्हणाले. "तो नको म्हणत होता. मीच हट्ट केला."

मला बाबांची इतकी दया आली की मी बाभळीकडे तोंड फिरवलं. आईनं भियाकडून खुरपं घेतलं आणि फतकल मारून बसली. वर खणलं तर माती भुसभुशीत, मूठभर उचलली तर तिच्यात दोन गांडुळं. खाली खणलं तर खुरपं आपटून परत यायचं. एक ढेकूळ जोर लावून उलटवलं, तर आत लेंड्या जशाच्या तशा, कुजल्याही नव्हत्या. भिया घाईघाईनं म्हणाला, "भाभीजी, काली माटी है. गरमी में फटेगी तो अपने आप खुल जाएगी. खाद कहीं नहीं जाती."

आई उठली.

"एवढं खत जमिनीत पडलंय, आणि ते आता दुसऱ्याच्या घशात घालायचं? वेड लागलंय का तुम्हाला?"

बाबांना काही उमगेना. त्यांनी चाचरत खोलीचं विचारलं. खोलीचं पुढं बघू, म्हणत आई स्कूटरकडे चालूही लागली. मग थांबून तिनं विचारलं, ते लोक परत कधी येतात. गहू निघाला की, बाबा म्हणाले.

"मग त्यांच्याशी मी बोलेन. आणि पाडव्याला तुम्ही घरी बसा."