मागं बघू नको

“त्या कडंच्या पोरीला तोंड हाय का न्हाय?” मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं. ती पोरगी मी होते.

“हाय की. आवाज साठवायलीय,” असं म्हणून अक्कांनी शिट्टी वाजवली.

अक्का आमच्या लॅक्रॉसच्या कोच. त्यांचं गाव कानडी सीमेजवळचं, म्हणून मॅडम नाही, अक्का. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा, असा हा खेळ. राजारामपुरीतून काठ्या घेऊन निघालो की लोक विचारत, “फुलपाखरं धरताय व्हय?” अक्का म्हणायच्या, “व्हय. या एकदा, तुम्हालाबी धरतो.”

रोज तिघींचा हल्ला, दोघींचा बचाव. आमच्याच चपला मांडून आखलेलं लहानसं मैदान. चेंडूवाली आली की बचावातली एक तिला भिडणार. ती कमी पडली, तर दुसरीने आपली जागा सोडून धावायचं आणि धावताना, आमच्याकडच्या पोरी म्हणतात तसं, ओरडायचं, “आलो!” पुढचीने मागे बघायचं नाही, फक्त ऐकायचं. मान वळली की गोल झालाच.

मी वेळेवर धावायचे. ओरडायचे मात्र मनात. पुढची वळून बघायची, आणि गोल.

“मनात वरडलीस तर मनातलीच पोरगी ऐकंल,” अक्का म्हणायच्या, पण रागाने नाही. सराव संपल्यावर जिच्या तिच्या चपला परत देताना माझा जोड त्या शेवटी द्यायच्या आणि म्हणायच्या, “उद्या.”

दिवाळीनंतर त्या यायच्या थांबल्या. कॅन्सर मणक्यात उतरला होता. आम्ही चपला मांडत राहिलो. ‘उद्या’ म्हणायला कुणी नव्हतं.

शेवटचं भेटले ते शाहूपुरीतल्या दवाखान्यात. अक्का भिंतीकडे तोंड करून कुशीवर होत्या. पांघरुणाखाली त्यांचे ते रुंद खांदे सापडेनात. दारातच नर्सने बजावलं होतं, “त्यांना वळू देऊ नका, फार दुखतं.”

“कोण हाय?” अक्कांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही, नेहमीसारखाच.

त्यांनी खाटेची कड धरली आणि मान वळवायला लागल्या. गळ्याची शीर ताठ झाली. दातांतून कण्हणं आलं.

“मागं बघू नका, अक्का,” मी ओरडले. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. “आलो.”