दादानं बांधलेलं इंजिन

आमच्या गावात दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला आवतण द्यावं लागत नाही. धारूरच्या डोंगरकडेला गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. तिथं चिंचेखाली दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मालकाची बंद पडलेली जीप आणून उभी केली आणि आमच्या दारात माणसांचा राबता सुरू झाला.

मालक म्हणजे गावचे बागायतदार आणि पुढारी. दादा त्यांच्याकडे ट्रॅक्टरवर होता. चालवायचा तोच आणि बिघडला तर उघडून दुरुस्त करायचाही तोच. ऊसवाहतुकीच्या हंगामात असा माणूस गेला तर मालकाची चाकं जागच्या जागी बसली असती. पण दादाला स्वतःची गाडी हवी होती. धारूर-अंबाजोगाई प्रवासी न्यायचे आणि कुणाच्या हाकेला "जी मालक" म्हणायचं नाही, एवढीच त्याची हौस. काम सोडतो म्हणून सांगायला गेला तेव्हा मालक चिडलेसुद्धा नाहीत. चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले, "माझी जीप पडून हाय. इंजिन जाम झालंय. जा घेऊन. दसऱ्याआत चालू केलीस तर तुझी. न्हाई केलीस तर हंगामाला मुकाट माझ्या ट्रॅक्टरवर बसायचं. हाय का कबूल?"

दादा कबूल म्हणाला. आई एवढंच म्हणाली, "ह्यो माणूस इतका उदार झाला कावून?" दादाला ते ऐकायचंच नव्हतं.

मी तेव्हा अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होते, सुट्टीला घरी आले होते. दादानं इंजिन उतरवून अंगणात पोत्यांवर मांडलं होतं. पिस्टन, लायनर, बेअरिंग सगळं नवं घातलं. आमच्याकडे वारा सुटला की माती भाकरीतसुद्धा लागते, म्हणून तो एकेक भाग आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचा. आई म्हणायची, "पोरं झाली तवा त्यांना बी इतकं न्हाई गुंडाळलं." इंजिन बांधून जीपमध्ये बसलं त्या दिवशी दादा म्हणाला, "हत्ती गेला, शेपूट राहिलं. आता नुसता सेल्फ मारायचा."

सेल्फ मारायचं काम माझ्याकडे. मी ड्रायव्हरच्या सीटवर, दादा बॉनेटमध्ये डोकं घालून. "मार," म्हणाला की मी चावी फिरवायची. इंजिन गरगर फिरायचं, पण पेटायचं नाही. पुन्हा "मार". पुन्हा नुसती गरगर. बॅटरी उतरली की शेजाऱ्याची आणायची. मागे बसलेली मंडळी तंबाखू मळत सल्ले द्यायची. कुणी म्हणे लिंबू उतरवा, कुणी म्हणे मोबाईलवर बघा. आणि सगळे हसायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, असं आई पुटपुटायची. पण रोज रोज तेच दात बघणं सोपं नसतं.

दसरा जवळ येत होता. त्या दिवशी आमच्यात धम्मचक्र दिन. आईला पांढरं लुगडं नेसवून पुढच्या सीटवर बसवायचं आणि अंबाजोगाईच्या कार्यक्रमाला न्यायचं, असं दादा वस्तीभर सांगून बसला होता. आईनं लुगडं नीळ घालून धुऊन ठेवलं होतं.

दादानं इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्या ढिल्या केल्या आणि मला सेल्फ मारायला लावला. नळ्या कोरड्याच. डिझेल टाकीतून पंपापर्यंत येत होतं, पंपाच्या पुढे जात नव्हतं. मग पंपच खराब म्हणायचा. त्यानं पंप उतरवला, पोत्यात घातला, एसटीनं अंबाजोगाईला दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथल्या यंत्रावर पंप ठणठणीत चालला. परत आणून बसवला तर पुन्हा कोरडा. त्याला वाटलं, आपणच बसवताना चुकतोय. त्यानं इंजिनाचा पुढचा भाग पुन्हा उघडला, दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवल्या, पुन्हा बंद केला. जेवताना त्याचा हात ताटात तसाच राहायचा.

मालक रोज सकाळी फेरी मारायचे. आम्ही खुर्ची द्यायची, चहा द्यायचा. कपाला तोंड न लावता तो खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "काय रं, इंजिन हाय का खुळखुळा? ट्रॅक्टरचा मिस्त्री तो ट्रॅक्टरचाच. नाचता यीना, अंगण वाकडं." दादा मान खाली घालून पाना फिरवत राहायचा. मला वाटायचं, तोच पाना घ्यावा आणि मालकाच्या टाळक्यात घालावा. अजूनही वाटतं.

एकदा वस्तीतल्या पोरांनी जीप उतारावरून ढकलली. तशी तरी पेटेल म्हणून. खाली ओढ्यापर्यंत गेली, हुं की चूं नाही. वर आणायला ट्रॅक्टर कुणाचा? मालकाचाच. तो त्यांनी लगेच पाठवला आणि चालवायला माणूस नाही असा निरोपही दिला. दादानं स्वतः तो ट्रॅक्टर चालवून आपली जीप वर ओढून आणली. सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होतं.

दसऱ्याच्या सकाळी दादानं अंघोळ करून पांढरा सदरा घातला आणि शेवटचा सेल्फ मारायला लावला. काही झालं नाही. आई लुगडं नेसून दारात उभी होती, ती आत गेली नाही. तेवढ्यात मालक आले, हातात आपट्याची पानं आणि झेंडूचा हार. आमच्यात सोनं देत-घेत नाहीत हे त्यांना चांगलं ठाऊक. तरी दादाच्या हातात पानं कोंबली आणि म्हणाले, "सोनं घे, सोन्यासारखा राहा. आन चावी दे."

मी खाली उतरले. मालक सीटवर बसले. डावा हात डॅशबोर्डच्या खाली घातला, माझे गुडघे रोज जिथं टेकायचे त्याच्या जरा वर. बारीकसा 'टिक' आवाज आला. मग त्यांनी चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात पेटलं.

"चोर स्विच हाय," मालक म्हणाले. "गाडी कुणी पळवू नये म्हणून बसवलाय. सांगायचं राहूनच गेलं बघ."

त्या स्विचमधून पंपावर एक वायर आली होती. तिच्यातून करंट आला तरच डिझेल पुढं जायचं. त्या दुरुस्तीवाल्यानं यंत्रावर करंट आपल्याच बॅटरीतून दिला होता, म्हणून तिथं पंप चालला. दादाच्या ट्रॅक्टरवर असलं काही नव्हतं. तिथं दोरी ओढली की इंजिन बंद, सोडली की मोकळं. ती वायर दादानं कितीदा पुसून घट्ट केली होती, पण तिचं मागचं टोक कुठं जातं हे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी ओरडले, "फसवलंत तुम्ही!"

"फसवलं?" मालक हसले. "अख्खं इंजिन बांधलं गड्यानं, अन् एक बटण सापडंना व्हय? बोली काय झालती? त्यानं चालू करायची. चालू कुणी केली?"

टपरीवर ती बोली ऐकलेले निम्मे लोक तिथंच उभे होते. जीपला वाट द्यायला ते बाजूला सरकले. मालकानं हार आरशाला अडकवला आणि आईच्या समोरून जीप नेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण बीळ खणणाऱ्याला असं उभं करून कुठला नागोबा बसत नसेल.

मी दादाकडे वळले. वाटलं, रडेल, शिव्या देईल, निदान हातातली पानं तरी फेकेल. तो वळणापर्यंत कान देऊन ऐकत होता. आवाज गेल्यावर मला म्हणाला, "एका सेल्फला उठलं, बघितलं का? धूर बी न्हाई. म्हंजी माझं काय बी चुकलं नव्हतं."

त्याच्या तोंडावर खरंखुरं समाधान होतं. मालकाचा राग मला आजही आहे, पण त्या घटकेला दादाच्या मुस्कटात द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी तो मालकाच्या वाड्यावर कामाला गेला. ट्रॅक्टरला हात लावायच्या आधी मालकानं त्याला जीप धुवायला सांगितली. संध्याकाळी घरी आल्यावर जेवता जेवता तो आईला सांगत होता, इंजिन नवं हाय, मालकाला म्हणलं, आत्ताच लई पळवू नका.