डाव्या बाजूचा भोंगा

वडिलांकडून गाडीची किल्ली काढून घेणे, हे काम माझ्या यादीत दिवाळीपासून पडून होतं. मी कामं सहसा पुढे ढकलत नाही. गॅसची टाकी, आईच्या दातांच्या डॉक्टरची वेळ, सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या पंपाची दुरुस्ती, सगळ्यांवर वेळच्या वेळी रेघ पडते. ही एक ओळ मात्र दर सोमवारी नव्या पानावर उतरवावी लागायची.

बाबा एक्याऐंशीचे आहेत. आईबरोबर साताऱ्यात राहतात आणि आपली छोटी पांढरी गाडी स्वतः चालवत. त्यांना उजवीकडचं जेवढं दिसतं तेवढं डावीकडचं दिसत नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना, आईला, मला आणि शेजाऱ्यांच्या फाटकाला माहीत होतं. बाबांना मान्य नव्हतं. पोवई नाक्याजवळ त्यांनी एका भाजीवालीच्या मेथीवरून चाक नेलं आणि उलट काच खाली करून तिलाच विचारलं, "बाई, पाटी रस्त्यात कशाला ठेवता?"

"रस्त्यात कुटली? माज्या मांडीला लागून हुती की! आवं आजोबा, जरा इकडं पन बगा."

आईने त्या दिवशी सगळी मेथी विकत घेतली. घरात आठवडाभर मेथी होती, तरी बाबांनी किल्ली काही सोडली नाही. विषय काढला की एकच उत्तर. "ड्रायव्हिंग आमच्या रक्तात आहे. कडेगावात पहिली सर्व्हिस मोटार कोणी आणली? आबांनी."

आबा म्हणजे माझे आजोबा. एस.टी. सुरू होण्याआधी खाजगी मालकांच्या गाड्या गावोगावचे प्रवासी वाहत, त्यांना सर्व्हिस मोटार म्हणत. आबांची गाडी कडेगावहून सुर्ली घाट उतरून कऱ्हाडच्या स्टेशनपर्यंत जायची. बाबांच्या दिवाणखान्यात तिचा फोटो आहे. फेटा बांधलेले, मिशा वळवलेले तरणे आबा स्टिअरिंगच्या चाकामागे बसलेत आणि समोर असं बघताहेत, की सगळा रस्ता त्यांनीच बांधलाय. बाबांना कळायला लागण्याआधीच गाडी विकली गेली होती. त्यांनी आबांची मोटार पाहिली ती फक्त या फोटोत.

एका संध्याकाळी मी साताऱ्याला गेले होते आणि बाबा टीव्हीवर माहितीपट बघत होते. परदेशातला कोणी मोटारीचा आद्य कारागीर, शेडमध्ये इंजिन जुळवतोय, घोडे उधळताहेत, बायको पाना हातात देतेय. मागे एक धीरगंभीर आवाज. संपल्यावर बाबांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट टेबलावर जरा जोरातच ठेवला.

"ह्या माणसावर तासभर. आणि आबांवर पाच मिनिटं नाहीत."

"आबांनी मोटारीचा शोध नाही लावला, बाबा."

"कडेगावात लावला! लोकांना मोटार म्हणजे काय ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुरता तो शोधच." मग ते माझ्याकडे वळले. "तू एवढ्या याद्या करतेस. एक माहितीपट कर. मोबाईलवर होतो म्हणे आता. आबांच्या रस्त्यावरून गाडी मी चालवणार, शेवटची. माहितीपट झाला की किल्ली तुझी."

"नक्की?"

"शब्द."

आतून आईचा आवाज आला. "मी ऐकलंय हं. साक्षीदार आहे."

मी त्याच रात्री वेगळं पान काढलं. मोबाईलचं स्टँड, कॉलरला लावायचा छोटा माइक, जादा बॅटरी, कुठे काय टिपायचं त्याचा क्रम. मुलाखतीसाठी एकच माणूस उरला होता. कडेगावची आत्या, बाबांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, आबांच्या मोटारीत बसलेली शेवटची हयात व्यक्ती. तिला कळवायचं काम आईने आपणहून घेतलं. नणंद-भावजयीचं ते बोलणं तासभर चाललं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दोघी पापडाच्या पिठावरही तासभर बोलतात.

रविवारी सकाळी निघालो. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात, चाकामागे. मी डावीकडे, जे त्यांना दिसत नव्हतं ते बघायला. आई मागे, धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. बाबा एकेका ट्रॉलीला असं ओलांडत होते, की मी डोळे मिटायची आणि मग आठवायचं की डोळे उघडे ठेवायला आपल्यालाच बसवलंय.

कऱ्हाडच्या स्टेशनबाहेर पहिलं चित्रण. बाबा फाटकासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि टीव्हीतल्या आवाजात सुरू झाले. "तो काळ मोठा विलक्षण होता. मोटार आली तेव्हा आबांचं लग्नही झालं नव्हतं. घरच्यांनी मुली बघायला सुरुवात केली होती, पण आबा म्हणाले, आधी मोटार, मग बायको..."

"काका, कुटं जायाचं?" एक रिक्षावाला थेट चौकटीत येऊन उभा राहिला.

"कुठंही नाही. शूटिंग चाललंय."

"मग बसूनच करा की. हुबं ऱ्हाऊन पाय दुकतील."

दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा आगगाडी आली. तिसऱ्यांदा आईला हसू आवरेना, कारण "विलक्षण" म्हणताना बाबा दर वेळी भुवई उंचावत होते. चौथ्यांदा जमलं. मी पानावर खूण केली.

घाटात मात्र कोणी हसलं नाही. रस्ता आता रुंद आहे, आबांच्या वेळी कसा असेल कोण जाणे, पण दोन वळणांनंतर आमची गाडी सावकाश डावीकडे सरकायला लागली.

"अहो, तो दगड," आई मागून म्हणाली.

"दिसतोय."

"दिसतोय तर त्याच्याकडे का चाललोय?"

मी हात घालून स्टिअरिंग उजवीकडे ढकललं. डावं चाक रस्त्याच्या कडेवरून खडखडत वर आलं. पुढचा घाट बाबा इतक्या हळू चढले, की एक म्हातारा दूधवाला मोपेडवरून आम्हाला ओलांडून गेला आणि वळून बघून गेला.

आत्या ओसरीवर तयार होऊन बसली होती. नवीन नऊवारी, कपाळावर बुक्का, आणि मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मी माइक लावायला गेले तशी म्हणाली, "ह्यात बोललेलं समद्यांस्नी ऐकू येतंय व्हय? मग जरा जपून बोलाया पायजे."

मी मोबाईल लावला. बाबा शेजारी बसले आणि टीव्हीतल्या आवाजात पहिला प्रश्न विचारला. "अक्का, मोटारीच्या तुमच्या आठवणी सांगाल का?"

"'तुमच्या' कुणाला म्हंतूस रं? नीट बोल की."

बाबांचा आवाज खाली आला. "सांग गं, अक्का."

मग आत्या सुटली. लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटार कोळशावर चालायची. मागे ही एवढी टाकी, तिच्यात लोणारी कोळसा, आणि निघायच्या आधी पंखा फिरवून तो फुलवायचा. कऱ्हाडला पोचेपर्यंत पांढरी धोतरं करडी व्हायची. आणि गावातली पोर पहिल्यांदा सासरी निघाली की रडारड. आई सोडेना, पोर सोडेना, मावशा आणखी येऊन गळ्यात पडायच्या. आगगाडीची वेळ जायची. "मग आबा भोंगा वाजवायचं. दोनदा. पों, पों. म्हंजे आवरा. तिसऱ्यांदा वाजवायची येळ आली न्हाई कवा. पोर डोळं पुसत गाडीत बसायची."

"एका हाताने चाक, एका हाताने भोंगा," बाबा कौतुकाने म्हणाले.

"चाक?" आत्याने पदर सावरला. "चाकाला कवा हात लावला त्यांनी?"

मी स्टँडवरचा मोबाईल चालू आहे ना, ते पाहिलं.

"अगं, फोटो आहे की घरात," बाबा म्हणाले.

"फोटोपुरतं बसलं हुतं. गाडी चालवायला मिरजेचा ड्रायव्हर हुता. खाकी टोपीवाला. दिसभर पान खायाचा."

"आबांना गाडी येत नव्हती?"

"आली असती. मोटार आली त्या दिशी बसलं की चाकामागं. समदं गाव खळ्यावर बगाया जमलं हुतं. आन आबांनी गाडी सोडली ती सरळ कडब्याच्या गंजीत! निस्ती मागची दोन चाकं दिसत हुती बग. मी ह्या डोळ्यांनी बगितलंय."

आईने तोंडाला पदर लावला.

"मग?" बाबांनी विचारलं. टीव्हीचा आवाज पार गेला होता. मोटारीची गोष्ट ऐकणारा धाकटा भाऊ तेवढा समोर होता.

"मग काय. भाईर आलं, फेट्यावरचा कडबा झटकला, चालत डाव्या बाजूला गेलं आन बसलं. ड्रायव्हरला म्हणलं, तू चालीव. दुसऱ्या दिशी लोहाराकडनं भोंगा काढून डाव्या अंगाला बसवून घेतला. त्येच्या फुडं गाडी कवा सुटायची, कुटं थांबायची, म्हातारीला उतरायला किती येळ द्यायाचा, समदं डावीकडनं. भोंगा वाजल्याबिगर ड्रायव्हरची हिंमत न्हवती गाडी हलवायची. लोकं काय म्हणायची? ड्रायव्हरची गाडी आली म्हणायची का? आबाची गाडी आली म्हणायची."

तिने मांडीवरचं कापड सोडलं. पितळी भोंगा होता, शिंगासारखा वळलेला, घासून लख्ख केलेला. रबराचा फुगा नवा, काळाकुट्ट.

"उसात डुकरं शिरत्यात, त्येला वाजवत हुती पोरं. मिरजंहून नवा फुगा आणून बसवलाय. घे तुला. आमची डुकरं फटाक्यानं बी पळत्यात."

बाबांनी भोंगा उलटसुलट करून पाहिला. फुगा दाबला. पों. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकली. पुन्हा दाबला.

जेवणं झाली. आत्याने निघताना माझ्या हातात गुळाची ढेप दिली आणि आईकडे बघून काहीतरी पुटपुटली. आईही काहीतरी पुटपुटली. मी गाडीकडे गेले आणि सवयीने डाव्या दाराशी थांबले. तिथे बाबा आधीच उभे होते.

"पलीकडे जा," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही माझी बाजू."

येताना त्यांनी मला कऱ्हाडपर्यंत गाडी चालवायला शिकवलं. मी सत्तावीस वर्षं चालवतेय. घाटात प्रत्येक वळणावर डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून पों, आणि समोरून येणारा प्रत्येक जण आधी दचकला, मग हसला. आई मागे शांत झोपली होती. तिला गाडीत झोपलेलं मी फार दिवसांनी पाहिलं.

त्या सोमवारी यादीतली ती ओळ मी जाड पेनाने खोडली. माहितीपट जोडायला बसले, तेव्हा स्टेशनसमोरचं बाबांचं वाक्य पुन्हा ऐकलं. मोटार आली तेव्हा आबांचं लग्नही झालं नव्हतं. मी पेन खाली ठेवला. लग्न झालं नव्हतं, तर मोटार आली त्या दिवशी खळ्यावर उभं राहून कडब्याची गंज बघायला आत्या कुठून आली?

मी आईला फोन केला. "तू आत्याशी तासभर काय बोलत होतीस?"

"पापडाचं पीठ," आई म्हणाली. आणि गॅसवर दूध आहे असं सांगून तिने घाईने फोन ठेवला.

माहितीपट बावीस मिनिटांचा झाला. स्टेशनसमोरचं लग्नाचं ते एक वाक्य मी कापलं. बाकी सगळं ठेवलं, रिक्षावाल्यासकट. पुढच्या शनिवारी साताऱ्याला जाऊन टीव्हीला जोडून दाखवला. बाबा भोंगा मांडीवर घेऊन बसले होते. कोळशाच्या टाकीपाशी त्यांनी मान डोलावली, दोन भोंग्यांवर आवरणाऱ्या पोरींपाशी चष्मा पुसला, कडब्याच्या गंजीला मोठ्याने हसले. शेवटी आबांचा फोटो आला आणि संपलं.

"छान झालाय," ते म्हणाले. "ते लग्नाचं वाक्य कुठं गेलं?"

"आवाज नीट आला नव्हता. मागे आगगाडी होती."

"चौथ्यांदा घेतलं तेव्हा नव्हती आगगाडी."

मी वायर गुंडाळायला लागले. आई उठून चहा ठेवायला आत गेली, जरा जास्तच घाईने.

"अक्का तेव्हा जन्मली नव्हती," बाबा म्हणाले. "एवढा हिशेब मला ओसरीवर बसल्याबसल्या कळला."

"मग किल्ली का दिलीत?"

त्यांनी फोटोतल्या आबांकडे पाहिलं, चाकामागे ताठ बसलेल्या. "घाटातला तो दगड मला दिसला नव्हता," ते म्हणाले. "आणि हा माणूस चाकामागे बसला असेल नसेल, डाव्या बाजूला बसलेला चांगला दिसला असता."

मग भोंगा उचलून त्यांनी दोनदा दाबला. आतून आई ओरडली, "आले, आले!" आणि मी वायर तशीच टाकून चप्पल शोधायला लागले. त्यांना फलटणला एका जुन्या मित्राकडे जायचं होतं. हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.