मोहगावच्या बगीच्याचं गवत

दिलीप खवसे यांना पोपटी रंगाची किळस होती. सौंसरच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली आणि दर वर्षी विज्ञान प्रदर्शनात रंगवलेला लाकडाचा भुसा पाहिला. धरण असो की किल्ला, भोवती तोच ओला, चिकट, पोपटी भुसा. "असं गवत असते काय रे कुठी?" म्हटलं की पोरं म्हणत, "सर, छान दिसते." पुढे पुढे 'छान' हा शब्दही त्यांच्या कानाला खुपू लागला.

निवृत्तीनंतर ते स्वतःच लाकडी पाटावर छोटी दृश्यं मांडू लागले. गवताचं हत्यारही घरीच केलं. मच्छर मारायच्या बॅटची जाळी काढून तिथं स्टीलची चहाची गाळणी बसवली, दुसऱ्या वायरीला खिळा बांधला. पाटावर डिंक फासून खिळा त्यात टोचायचा, गाळणीत नायलॉनच्या दोरीचे तिळाएवढे तुकडे भरायचे आणि बटण दाबून वरून हलवायचं. विजेच्या ओढीनं तुकडे डिंकात उभे रोवले जात, खऱ्या गवतासारखे.

"माह्या गाळणीले करंट लावला," त्यांच्या पत्नी अनुराधाबाई म्हणत. "आता चहा काय तुमच्या बनियानीतून गाळू?"

मोहगावचे पुंडलिकराव त्यांचे जुने स्नेही. मूळकुजीनं त्यांचा संत्र्याचा बगीचा गेला, झाडं उपटून जाळावी लागली. आता ते स्वतःच खाटेला लागले होते. "मास्तर," ते म्हणाले होते, "एकडाव मले बगीचा दाखवा. ताणावरचा."

बहार धरण्याआधी संत्र्याचं पाणी तोडतात, तो ताण. पानं मलूल होतात, खालचं गवत वाळून जातं. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव एकेका झाडापाशी जाऊन उभे राहत. त्यांना तोच दिवस पाहिजे होता.

दिलीपरावांनी नायलॉनचे तुकडे चहाच्या पाण्यात उकळून वाळल्या गवताचा रंग आणला, झाडांची पानं किंचित मुडपली आणि पाट मोहगावला पोचवला. पुंडलिकराव तेव्हा नागपूरला दवाखान्यात होते. ते घरी आल्याचं कळताच दिलीपराव पुन्हा गेले.

दारातच पुंडलिकरावांचा मुलगा वैभव हसत आला. "सर, थोडं डेकोरेशन करून टाकलं. पाहुणे येऊन राहिले ना भेटाले. वाळलेलं पाहून काय म्हणतीन?"

पाटावर पांढुर्ण्याच्या बाजारातली प्लॅस्टिकची पोपटी चटई चिकटवलेली होती. बुंध्यांसाठी भोकं पाडली होती, आणि त्यांतून डिंकाचे ओघळ शेंबडासारखे बाहेर आले होते. दिलीपरावांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"शेतकऱ्याचा पोरगा ना रे तू?"

"पण सर, छान तर दिसते!"

आतून हाक आली. वैभवनं पाट उचलून बापाच्या मांडीवर ठेवला. पुंडलिकरावांनी चटईवरून बोट फिरवलं, मग एका झाडाच्या पानाला लावलं. हात मागे घेतला.

"खाली ओल आहे, मास्तर. गवत कसं माजलं पाहा. आन् झाडानं मान टाकली." त्यांचा आवाज खाली गेला. "हे तर रोग लागलेलं झाड होय. सगळीच लागली. उचला. मले दाखवू नोका."

वैभवचं हसू गेलं. ओल्या जमिनीत मान टाकलेलं झाड म्हणजे मूळकूज, हे त्यालाही माहीत होतं.

दिलीपरावांनी पाट जमिनीवर घेतला आणि चटईचा कोपरा ओढला. चर्रकन आवाज झाला. खाली त्यांचं गवत डिंकात भिजून लगदा झालं होतं, उलटीसारखं. दोन झाडं चटईबरोबरच उपटून आली. नखांत पोपटी चिकटा बसला. त्यांना आपल्याच हातांची शिसारी आली.

"मी धरू काय, सर?"

"दूर राह्य."

"मास्तर," पुंडलिकराव म्हणाले, "वापस होते काय?"

"गवत होईल. घरी नेऊन लावून आणतो."

"घरी नोका नेऊ. इथंच बसून लावा. मले दवाखान्यातून घरी आणलं, पण कायले आणलं ते कोणी सांगून नाही राहिलं."

वैभवनं मान फिरवली.

दिलीपरावांनी ती चटई दोन बोटांच्या चिमटीत धरून अंगणापार नेऊन टाकली. परत येऊन ते खाटेजवळ मांडी घालून बसले आणि लगदा खरवडू लागले.

"वैभव, सौंसरला जा. काकूंकडून माझी बॅट आन् गवताचा डबा घेऊन ये," ते मान वर न करता म्हणाले. "आन् वाटेत गवताले सजवू नोको."