उस्तादांचा बिनसाखरेचा टार्ट

बेकरीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही. बहुधा त्यांनी स्वतःच ठेवलं असावं आणि लोकांनी भिडेखातर चालू ठेवलं. अडतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्यांनी दोनच गोष्टी कमावल्या होत्या: कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि आपण कधी चुकत नाही ही खात्री. डाग निदान शर्टाच्या बाहीखाली झाकता यायचे.

त्यांना 'बाळ्या' म्हणणारी एकच व्यक्ती जगात उरली होती, ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि हे पाचाचे. लोकांचे कपडे शिवून तिनं यांना वाढवलं, बेकरीत कामाला लावलं, यांचं लग्न लावून दिलं आणि मग उरलेल्या वेळात स्वतःचा संसार केला. बदल्यात उस्तादांनी ताईसाठी काय केलं, या विषयावर ते फारसं बोलत नसत. विषयच लहान होता.

आता ताई बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत लेकीबरोबर राहत होती. दहा वर्षांचा मधुमेह तिनं नीट सांभाळला होता, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि शिलाई मशीन बंद पडलं. सुईत दोरा ओवता येईना. एकदा हट्टानं बसली तर बाही गळ्याला शिवून मोकळी झाली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, पण साखर जरा जास्त आहे, आधी ती खाली आणा. त्यांनी कागदावर एक आकडा लिहून दिला. ताईनं तो कागद मशीनच्या झाकणाखाली ठेवला आणि उकडलेल्या भाज्या निमूटपणे गिळायला सुरुवात केली.

महिनाभरानं ती एवढंच म्हणाली, "बाळ्या, काहीतरी गोड खावंसं वाटतं रे."

झालं. उस्तादांच्या अंगात संचारलं. आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंना त्यांनी स्वतः जाऊन गाठलं. बाई म्हणाल्या, साखर न घालता फळांचा टार्ट करा, रोज एक पातळ तुकडा द्या, त्या वेळचा ब्रेड कमी करा. तिथून परतताना उस्तादांचा चेहरा असा होता, की जणू मधुमेहावरचं औषध यांनीच शोधून काढलंय.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचे पाव निघाले की भट्टीचा एक कोपरा ताईच्या टार्टसाठी राखून ठेवला जाऊ लागला. मैद्याऐवजी बदामाचा कूट आणि जाडसर कणीक. आत सफरचंदाच्या आणि नासपतीच्या पातळ चकत्या, वर दालचिनी, लिंबाचा रस. साखरेचा कण नाही, हे ते पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगत, त्यानं विचारलेलं असो वा नसो. टार्ट बाहेर यायचा तो कसा, वरून सोनेरी, चकाकणारा, कडेला कुरकुरीत.

"ही चकाकी फळाची स्वतःची असते," ते गिऱ्हाइकांना समजावत. "फळाला मान दिला की फळ चकाकतं. साखर काय, कुणीही घालेल."

पहिला घास ताईनं तोंडात घेतला, क्षणभर थांबली आणि धाकट्या भावाकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे तिला तो जेमतेम आकारापुरता दिसत असावा. "छान झालाय रे," ती म्हणाली. उस्तादांनी मान झुकवून तो सत्कार स्वीकारला.

ताईची लेक रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज सकाळी आईच्या बोटाला सुई टोचायची आणि आकडा वहीत उतरवायचा, मग कामावर जायचं, हा तिचा नेम. टार्ट सुरू झाल्यावर आठवड्याभरात आकडे खाली यायचे सोडून वर चढू लागले. ऑपरेशनची पहिली तारीख रद्द झाली.

उस्तादांनी आधी दोष साखर मोजायच्या मशीनला दिला. नवीन मशीन आलं, तेही तेच बोलू लागलं. मग त्यांनी भाचीच्या सुई टोचण्याच्या पद्धतीवर शंका घेतली. दिवसाला शंभर लोकांचं रक्त काढणारी भाची म्हणाली, "मामा, मी पावाला नावं ठेवते का?" तेव्हा तिसराच मार्ग उरला. ताई चोरून खात असणार.

हे सुचल्यावर उस्तादांना स्वतःचाच अभिमान वाटला. एका दुपारी ताई झोपलेली असताना त्यांनी तिच्या खोलीची झडती घेतली. मशीनचे खण, बटणांचे डबे, उशीचा अभ्रा, काही सोडलं नाही. तासाभराच्या तपासानंतर हाती लागली ती एक लिमलेटची गोळी, जुन्या कापडाच्या गाठोड्यात अडकलेली, कागद गोळीत विरघळलेला. तिचं वय निदान वीस वर्षं असावं. संध्याकाळी उस्तादांनी पुरावा म्हणून ती लेकीदेखत ताईपुढे टेबलावर ठेवली.

"ताई, तुझ्या डोळ्यांसाठी मी जिवाचं रान करतोय," ते म्हणाले, "आणि तू मागच्या दारानं हे धंदे करतेस?"

ताईनं गोळी बोटांनी चाचपली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग लेकीच्या बाजूला मान वळवली, आणि मिटलं.

"यापुढे नाही होणार," ती म्हणाली.

चोरी कबूल झाल्यामुळे उस्ताद समाधानानं खाली आले. त्यांनी वरच्या खाण्याच्या कपाटाला कुलूप लावलं आणि ताईचं पथ्य सुसह्य व्हावं म्हणून संध्याकाळीही एक तुकडा चालू केला. बाईंना विचारायची गरज नव्हती. साखरच नाही म्हटल्यावर एक काय नि दोन काय. दुसरी तारीखही रद्द झाली. डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या महिन्यात जमलं तर ठीक, नाहीतर नंबर थेट पुढच्या वर्षी लागेल. त्या रात्री ताई जेवली नाही, आणि मशीनवरचं झाकणही तिनं दोरीनं बांधून टाकलं. आता हे उघडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं, हे लेकीला कळलं.

भाचीच्या सुट्टीच्या दिवशी उस्तादांनी तिला खाली बोलावलं. टार्टचा व्हिडिओ काढून लॅबमधल्या लोकांना दाखव, चार मधुमेहींचं भलं होईल, असा त्यांचा उदार विचार. भाचीनं मोबाईल धरला. उस्ताद नवा कोरा अ‍ॅप्रन घालून उभे राहिले.

"साखर म्हणजे विष," त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सुरुवात केली. चकत्या रचल्या, दालचिनी भुरभुरवली. "आपली जीभ लाडावलेली असते. हातावर ताबा हवा, मनावर ताबा हवा." एवढं बोलून त्यांनी टार्ट भट्टीकडे नेला.

"मामा," भाची म्हणाली, "आत्ता काय टाकलंत?"

"काय टाकलं? काही नाही."

"उजव्या हातानं."

"अगं, उजवा हात रिकामा आहे."

भाचीनं व्हिडिओ मागे नेला. पडद्यावर उस्ताद हातावरच्या ताब्याबद्दल बोलत होते आणि त्यांचा उजवा हात भट्टीशेजारच्या फळीवर गेला. तिथे अडतीस वर्षं ठेवलेल्या डब्यातून त्यानं जाड साखरेची भलीमोठी चिमूट उचलली, टार्टवर गोल फिरवली, अ‍ॅप्रनला पुसली आणि शहाण्यासारखा परत जागेवर आला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. केक असो, टार्ट असो, बन असो, भट्टीत जाण्याआधी एक चिमूट आणि अर्धं भाजल्यावर आणखी एक, वरचा थर चकाकावा म्हणून. त्यांच्या एका चिमटीत दोन चमचे मावत.

व्हिडिओ त्यांनी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना ते खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि सवय नसल्यामुळे ती कशी पेलायची तेही कळेना.

वर ताई खिडकीशी बसली होती. उस्ताद दारातच उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं, हाताचं, डब्याचं, व्हिडिओचं.

"म्हणजे तू मुद्दाम नव्हतास घालत?" ताईनं विचारलं.

"मुद्दाम कसा घालीन?"

"मला पहिल्याच घासाला कळलं होतं. वाटलं, बहिणीची दया आली असेल. वाटलं, हा एवढं जीव लावून करतोय, आपण बोललो तर खट्टू होईल." तिनं दाराकडे मान वळवली. "साठ वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासाठी काही केलंस, बाळ्या. नको कसं म्हणू?"

"आणि गोळी? चोरीचं का कबूल केलंस?"

"मग काय पोरीसमोर सांगू, की मामाच साखर घालतो म्हणून?"

उस्ताद आत येऊन ताईच्या पायाशी बसले. त्यांना रडू आलं. ते त्यांनी अ‍ॅप्रनला पुसलं, त्याच बाजूला जिथे साखर पुसली होती.

दुसऱ्या दिवसापासून ताई सकाळी खाली येऊन भट्टीशेजारी स्टुलावर बसू लागली, साखरेचा डबा मांडीवर घेऊन. तो फळीवरून हलवला तरी हात त्याच जागी जायचाच. तो रिकाम्या फळीवर चाचपडायचा, तेव्हा ताई हातातली मोजपट्टी त्याच्यावर मारायची. तिला हात नीट दिसत नव्हता, पण नेम चुकला नाही. टार्ट आता फिकट निघायचा, वरून कोरडा, आंबटसर, अजिबात न चकाकणारा. फळाला मान देण्याबद्दल उस्ताद पुन्हा कधी बोलले नाहीत. दिवसाला एकच तुकडा, तोही पातळ.

महिन्याच्या शेवटी आकडा कागदावरच्या आकड्याच्या खाली गेला आणि ऑपरेशन झालं.

पट्टी सुटली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तसं ताईनं मशीनवरची दोरी सोडली. पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला. दोन दिवस मशीनचा आवाज खाली बेकरीत ऐकू येत होता आणि उस्ताद पाव काढताना उगाच थांबून तो ऐकत होते. तिसऱ्या दिवशी ती एक जाड, अस्तर लावलेला हातमोजा घेऊन खाली आली.

उस्तादांचा ऊर भरून आला. भट्टीतले गरम साचे काढायला बहिणीनं नव्या नजरेनं शिवलेली पहिली वस्तू. त्यांनी तो उजव्या हातात चढवला, उलटसुलट करून पाहिला.

"ताई, याला अंगठाच नाही."

"नाहीच शिवला," ताई म्हणाली. "टार्ट करताना घालायचा. अंगठ्याशिवाय चिमूट बसत नाही."