स्मृतिसंस्थेतली घुंगुरकाठी

"अहो, जरा धरून दाखवता का? तुमच्याकडे तर ही परंपरेनंच आलेली," संचालक म्हणाले आणि काचेच्या पेटीतली घुंगुरकाठी त्यांनी माझ्या हातात दिली. सभागृहात हसू पसरलं. सभ्य, ओठांच्या आतलं.

मी धरली.

मी या संग्रहालयात नोंदणी अधिकारी. त्या दिवशी कार्यशाळेचा विषय होता 'स्मृतिसंस्था'. ग्रंथालय, अभिलेखागार, संग्रहालय यांची दारं पूर्वी वेगळी. पुढे तिन्हींचा ठेवा संगणकाच्या एकाच पडद्यावर दिसू लागला आणि परदेशात तिघांना मिळून एक नाव रूढ झालं. आमच्या माहितीपत्रकासाठी त्याला हा मराठी शब्द मीच सुचवला होता. उच्चारताना जिभेला गारवा देणारा. संचालक तोच शब्द समजावत होते. त्याचं उदाहरण म्हणून काठी आणली, आणि काठीचं उदाहरण म्हणून मला उभं केलं.

"आपटून दाखवा."

आपटली. घुंगरं वाजली. याच आवाजानं गाव सावध व्हायचं, आमच्या माणसांची सावली टाळायचं. लाकडाला तेलाचा, मुरलेल्या घामाचा वास होता. समोरच्यांनी फोटो काढले. मी हसलेसुद्धा. ते हसणं अजून तोंडात कडवट आहे.

धायरीला घरी पोचले, तर फोटो माझ्याआधी आईच्या मोबाइलवर. ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "धम्मदीक्षा घेऊन आला त्या दिवशी तुझ्या आज्यानं आपली काठी चुलीत घातली. तू उचललीस होय?"

कान तापले. देठांचा ओला, कडसर वास. आजोबांनी जे जाळलं, ते मी पगारावर पॉलिश करत होते. त्यांच्या नकारासाठी आमच्या संग्रहालयात एकही पेटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवी तुकडी.

"कालच्यासारखंच," संचालकांनी काठी पुढे केली.

मी हात मागे घेतले. "आपण धरा, सर."

"मी? मी ती कशी धरणार?"

"मीही धरणार नाही."

कोणी हसलं नाही.

काठी पेटीत परत गेली. पेटीवरचा मजकूर लिहिणं माझं काम आहे. अशी काठी आमच्या हातात कोणी दिली आणि आम्ही ती का जाळली, दोन्ही लिहीन. संचालक ते खोडतील. मी पुन्हा लिहीन.